मौजे अष्टमी की मिती अष्टमी?
बहुभाषक संकेतस्थळांच्या चौकटीचे मराठीकरण

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोन्हींची मिळून नगरपरिषद एकच : रोहा अष्टमी नगरपरिषद. मराठी माणूस हे नाव वाचताना अडखळत नाही. पण हाच 'अष्टमी' शब्द संगणकातल्या एखाद्या यादीत एकटा, मागेपुढे काही नसताना आला, तर ते गावाचे नाव की पंधरवड्यातली आठवी तिथी, हे सांगायला काहीच उरत नाही. शेजारच्या पेणची अवस्था त्याहून बिकट. रोमन लिपीत त्याचे स्पेलिंग लिहायच्या पेनासारखेच होते. गणेशमूर्तींसाठी देशभर आणि परदेशातही ओळखले जाणारे हे गाव संदर्भ न देता यंत्राच्या हाती दिले, तर त्याची लेखणी व्हायला वेळ लागत नाही.

जुन्या मराठी कागदांत हा घोटाळा होत नसे. गावाच्या नावाआधी 'मौजे' किंवा 'कसबे' येई आणि तिथीच्या आधी 'मिती'. आजही पत्त्यात आपण 'मु. पो. अष्टमी, ता. रोहा' असे लिहितो. ही नुसती लेखनाची शिस्त नव्हती. शब्द एकटा पडला तरी त्याचा अर्थ हरवू नये, म्हणून केलेली ती तजवीज होती. संकेतस्थळे मराठीत आणताना आज जे प्रश्न पडतात, त्यांतल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे या जुन्या तजविजीत आहेत, हे या लेखाचे म्हणणे आहे. आपण ती उत्तरे वापरत नाही, कारण संकेतस्थळाचे भाषांतर म्हणजे इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देणे, एवढीच आपली समजूत असते.

तीन कप्पे

आधी साधनांची ओळख करून घेऊ. समजा, रोहा-अष्टमीतल्या एखाद्या वाचनालयाने मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत संकेतस्थळ काढायचे ठरवले. ते बहुधा वर्डप्रेसवर उभे राहील. वर्डप्रेस २००३ साली सुरू झाले आणि आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. त्यात संकेतस्थळाच्या रूपाचा जो तयार साचा मिळतो, त्याला 'थीम' म्हणतात. शीर्षक कुठे, चित्र कुठे, अक्षर केवढे, 'पुढे वाचा' हा दुवा कसा दिसेल, हे सगळे थीम ठरवते. 'विजेट' म्हणजे त्या साच्यात ठिकठिकाणी बसवायच्या छोट्या चौकटी : दिनदर्शिका, शोधपेटी, ताजे लेख, हवामान, जुन्या लेखांचे संग्रह. २००७ साली विजेट वर्डप्रेसच्या गाभ्यात आले आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही पान सजवता येऊ लागले.

पेणच्या कारखान्यात एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात आणि डोळ्यांची आखणी मात्र प्रत्येक मूर्तीवर हाताने होते. थीम हा साचा आणि लेख ही आखणी, असे म्हटले तर बरेचसे बरोबर ठरेल. पण भाषेच्या दृष्टीने या दोहोंच्या मधे आणखी एक थर असतो आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिला कप्पा थीमच्या आत, प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या शब्दांचा : 'शोधा', 'पुढचे पान', 'काहीही सापडले नाही'. तिसरा कप्पा लेखांचा, म्हणजे वाचनालयाने स्वतः लिहिलेल्या मजकुराचा. मधला, दुसरा कप्पा जुळवणीचा. विजेटला दिलेले शीर्षक, संकेतस्थळाचे बोधवाक्य, मेनूतली नावे, तळाशी लिहिलेली वेळ आणि पत्ता. हे शब्द थीमच्या लेखकाने लिहिलेले नसतात, म्हणून थीमच्या भाषांतराच्या फायलीत ते सापडत नाहीत. आणि ते लेखही नसतात, म्हणून लेखांचे भाषांतर करणाऱ्याच्या नजरेस पडत नाहीत. ते माहितीसाठ्यात 'सेटिंग' म्हणून पडून असतात.

त्यामुळे एक दृश्य वरचेवर दिसते. लेख मराठीत, 'पुढे वाचा' मराठीत, आणि उजव्या बाजूच्या पट्टीत मात्र 'रीसेंट पोस्ट्स', 'अर्काइव्ह्ज' अशी इंग्रजी शीर्षके. भाषांतरकार म्हणतो, माझी फाइल शंभर टक्के पूर्ण आहे. ते खरेच असते. फायलीत जे नव्हतेच, ते राहून गेलेले असते. यावर उपाय आहेत. वर्डप्रेसवर पॉलिलँग, डब्ल्यूपीएमएल यांसारखी जोडसाधने विजेटची शीर्षके वेगळ्या यादीत गोळा करून त्यांचे भाषांतर करू देतात. किंवा प्रत्येक भाषेसाठी वेगळे विजेट ठेवून ते त्या भाषेच्या पानावरच दाखवता येते. ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीने तर २०१५ च्या आठव्या आवृत्तीत या तीन कप्प्यांना सरळ तीन वेगळी दालने दिली : दर्शनी शब्दांचे भाषांतर, जुळवणीचे भाषांतर आणि मजकुराचे भाषांतर. काम सुरू करण्यापूर्वी 'मधल्या कप्प्याचा धनी कोण?' हे ठरवले, तर अर्धी लढाई जिंकली.

तुकड्यांची भाषा

पहिल्या कप्प्याचे भाषांतर कसे होते ते पाहू. जीएनयू प्रकल्पाने १९९५ मध्ये 'गेटटेक्स्ट' नावाचे साधन प्रसिद्ध केले. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात आजही मुख्यतः तीच पद्धत चालते. प्रोग्रॅम लिहिणारा वापरकर्त्याला दिसणारे प्रत्येक वाक्य एका खुणेत गुंडाळतो. साधन त्या खुणा शोधून सगळी वाक्ये एका यादीत काढते. भाषांतरकार प्रत्येक ओळीखाली आपल्या भाषेतली ओळ लिहितो. पान उघडताना प्रोग्रॅम ती यादी पाहतो. मराठी ओळ असेल तर ती दाखवतो, नसेल तर मूळ इंग्रजी तशीच ठेवतो.

या व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे भाषांतरकाराला प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. दोष तितकाच मोठा : त्याच्यासमोर पान नसते, तुकड्यांची यादी असते. 'पोस्ट' हा तुकडा नाम आहे की क्रियापद? 'होम' म्हणजे घर की मुखपृष्ठ? दिनदर्शिकेच्या विजेटमध्ये वारांची आद्याक्षरे लागतात. इंग्रजीत मंगळवार आणि गुरुवार या दोघांना 'टी' आणि शनिवार-रविवार या दोघांना 'एस'. यादीत 'एस' एकदाच आला, तर त्याचे 'श' करायचे की 'र'? मराठीत शुक्रवार आणि शनिवारही नुसत्या 'श'वर भागत नाहीत, 'शु' आणि 'श' असा भेद ठेवावा लागतो. वर्डप्रेसच्या प्रोग्रॅमरांनी यासाठी आधी त्या अक्षरालाच शेपूट जोडले, 'एस, रविवारचे आद्याक्षर' अशा अर्थाचे. पुढे संदर्भ सांगण्याची रीतसर सोय झाली : तुकड्यासोबत एक टीप जाते, ती वापरकर्त्याला दिसत नाही, भाषांतरकाराला दिसते.

ही टीप म्हणजेच 'मौजे' आणि 'मिती'. गावांच्या यादीतल्या 'अष्टमी'ला 'गावाचे नाव' ही टीप आणि पंचांगाच्या विजेटमधल्या 'अष्टमी'ला 'तिथी' ही टीप. मग इंग्रजी पानावर एकाचे नाव तसेच राहील आणि दुसऱ्याचे भाषांतर होईल. थीम करणाऱ्याने टीप दिली नसेल, तर भाषांतरकाराने ती मागावी. तो त्याचा हक्क आहे.

दिवा–रोहा कसोटी

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. इंग्रजीत नाम वाक्यात कुठेही बसवले तरी त्याचे रूप बदलत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमर मोकळी जागा सोडलेले वाक्य लिहितो, 'वेदर इन अमुक', आणि त्या जागी गावाचे नाव टाकतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप करतो. पेणचे 'पेणला' होते, पनवेलचे 'पनवेलहून' होते. नाव तसेच राहते. पण रोह्याचे काय?

रायगड जिल्ह्याचे पंधरा तालुके घ्या. त्यांतल्या रोहा, तळा आणि म्हसळा या तीन आकारान्त नावांना 'ला' लावला, की ती रोह्याला, तळ्याला, म्हसळ्याला अशी बदलतात. उरलेली बारा जवळपास जशीच्या तशी राहतात. म्हणजे प्रोग्रॅमरने 'पेण' घालून चाचणी घेतली, तर भाषांतर उत्तम दिसेल. पंधरापैकी बारा तालुक्यांत कुणाची तक्रार येणार नाही. रोह्याच्या माणसाला मात्र 'रोहाला जाणारी बस', 'रोहामधील हवामान' असे वाचावे लागेल. चूक बारीक आहे. पण ती वाचताच कळते, की हे आपल्यासाठी लिहिलेले नाही, कुठूनतरी आणून चिकटवलेले आहे.

हा प्रश्न संकेतस्थळांपुरता नाही. रेल्वे स्थानकावरची घोषणा आधी मुद्रित केलेले तुकडे जोडून तयार होते : गाडीचा क्रमांक, सुटण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण, फलाट. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्यापर्यंत दिव्याहून गाड्या येतात. 'दिवा' आणि 'रोहा' दोन्ही नावे आकारान्त. मराठी वाक्यात दोन्ही बदलतात : दिव्याहून रोह्याला. तेव्हा मराठीसाठी केलेल्या कोणत्याही चौकटीची चाचणी 'पनवेल–पेण' घालून घेऊ नये, 'दिवा–रोहा' घालून घ्यावी. जी चौकट या जोडीला टिकली, ती इतर गावांनाही बहुतेक टिकेल.

नावांसारखाच पेच लिंगाचा. 'अमुक जॉइन्ड' या इंग्रजी वाक्याला सदस्य स्त्री आहे की पुरुष याच्याशी कर्तव्य नाही. मराठीत 'सामील झाला' की 'सामील झाली' हे ठरवावे लागते. 'झाला/झाली' असा तिरक्या रेघेचा तोडगा सरकारी अर्जांत ओळखीचा आहे, पण वाचताना तो खड्यासारखा लागतो. अनेकवचनाचेही तसेच. गेटटेक्स्टमध्ये प्रत्येक भाषेने आपली वचने किती ते सांगायचे असते. जपानीला एक रूप पुरते, रशियनला तीन लागतात, अरबीला सहा. मराठीला दोन. पण मराठीत काही नामे दोन्ही वचनांत सारखी राहतात आणि काही बदलतात : एक लेख, दोन लेख, पण एक टिप्पणी, दोन टिप्पण्या. म्हणून शब्द निवडतानाच पुढचा त्रास कमी करता येतो. 'प्रतिसाद' हा शब्द 'टिप्पणी'पेक्षा सोयीचा ठरतो, तो केवळ सुबक आहे म्हणून नव्हे. एक प्रतिसाद, पंचवीस प्रतिसाद : त्याला काही होत नाही.

कोश आणि मेस्तक

या पेचांतून वाट आहे आणि ती मराठीने फार पूर्वीच पाडून ठेवली आहे.

लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत आपण 'रोह्यात' लिहीत नाही, 'रोहा येथे' लिहितो. अर्जात 'माननीय अध्यक्ष यांस' लिहितो. 'दिनांक अमुक रोजी' असे लिहितो. या वाक्यांत 'येथे', 'यांस', 'रोजी' हे शब्द काय करतात? ते विभक्तीचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतात, त्यामुळे आधीचे नाव न बदलता जागेवर उभे राहू शकते. नाव कोणतेही येवो, चौकट तीच. प्रोग्रॅमरला जी मोकळी जागा हवी असते, ती मराठी दफ्तराने शेकडो वर्षे वापरली आहे. पेशवाईतल्या पत्राचा मायना आठवा : 'राजश्री', मग नाव, मग 'गोसावी यांसी'. मधली जागा मोकळी, दोन्ही बाजू पक्क्या.

लेखनाचे असे नमुने शिकवणाऱ्या जुन्या पुस्तिकांना 'मेस्तक' म्हणत. कारकुनाने कोणाला कोणता मायना लिहावा, कागदाची मांडणी कशी करावी, हे त्यांत असे. परंपरा त्यांचे नाते हेमाडपंतांशी जोडते. दुसरीकडे रायगड राजधानी असताना, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश सुमारे चौदाशे शब्दांचा. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये पदनाम कोश काढला आणि पुढे शासन व्यवहार कोशासह परिभाषा कोशांची मालिकाच उभी केली. ही परंपरा अभिमानाची आहे. पण कोश शब्द देतो, मेस्तक चौकट देते. संगणकावर मराठी आणताना आपण कोशांवर भांडलो, 'डाउनलोड'ला 'उतरवणे' म्हणावे की 'अधोभारण' यावर पाने खर्च केली, आणि चौकट इंग्रजीचीच राहू दिली.

चौकट मराठीची केली तर काय होते, त्याचा एक नमुना. बहुतेक थीममध्ये लेखाखाली एक ओळ असते. तिचा इंग्रजी क्रम असा : 'प्रकाशित, तारीख, द्वारा, लेखक, मध्ये, वर्ग'. शब्दाला शब्द ठेवला, तर 'प्रकाशित १२ ऑक्टोबर २०२५ द्वारा अमुक मध्ये कविता' असे काहीतरी तयार होते. मराठी दफ्तराच्या रीतीने ते असे होईल : 'अमुक यांनी १२ ऑक्टोबर २०२५ रोजी "कविता" या सदरात लिहिले.' तीन मोकळ्या जागा, तिन्ही जागी नावे मूळ रूपात, आणि वाक्य अस्सल मराठी. 'यांनी', 'रोजी', 'या सदरात' या शब्दांनी ते पेलले. लिंगाचा प्रश्नही सुटतो. 'अमुक यांनी सदस्यत्व घेतले' म्हटले, की क्रियापद कर्त्याचे लिंग विचारतच नाही, ते सदस्यत्वाप्रमाणे चालते. शाळेत पाठ केलेला कर्मणी प्रयोग इथे कामाला येतो.

यासाठी थीमच्या लेखकाकडून दोनच गोष्टी हव्यात. एक, वाक्य अख्खे द्यावे. 'बाय', 'इन', 'ऑन' असे तुकडे करून नंतर जोडू नये. दोन, मोकळ्या जागांना क्रमांक द्यावेत, म्हणजे भाषांतरकाराला त्यांची अदलाबदल करता येते. गेटटेक्स्ट आणि वर्डप्रेस दोन्हींत ही सोय आहे. न वापरणे हा आळस.

'रोहा येथील हवामान' थोडे कागदी वाटते, हे मान्य. बोलीचा 'रोह्यातले' हवे असेल, तर गावांच्या यादीत प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना ठेवावा : रोहा–रोह्या, तळा–तळ्या, दिवा–दिव्या. रकाना एकदा भरला, की प्रत्यय कुठेही लावता येतो. विकिपीडियामागच्या मीडियाविकी प्रणालीत लिंग, वचन आणि व्याकरणिक रूपे यांसाठी अशी सोय मुळातच ठेवलेली आहे. ती अनेक भाषांच्या भाषांतरकारांनी अडून अडून मागितल्यामुळे रुजली.

शब्द सापडतात कुठे

चौकट लावल्यावर शब्दांचा प्रश्न उरतोच, पण तो वाटतो तितका अवघड नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे सरावासाठी ठेवलेल्या पानाला इंग्रजीत 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे लहान मुलांची वाळूची पेटी. मराठी संपादकांनी 'वाळूपेटी' केली नाही. त्यांनी 'धूळपाटी' हा शब्द घेतला. जुन्या शाळेत पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवत आणि पुसत, ती ही पाटी. सामाईक चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हटले, मतदानाला 'कौल' आणि पुन्हापुन्हा वापरायच्या मजकुराला 'साचा'. या शब्दांना कुणी परिभाषा म्हणत नाही, आणि तेच त्यांचे यश आहे.

त्याआधीपासून, १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोलीपासून पुढच्या मनोगत, मिसळपाव यांसारख्या स्थळांपर्यंत, मराठी लिहिणाऱ्यांनी आपल्या गरजेतून शब्द घडवले : प्रतिसाद, परवलीचा शब्द, व्यक्तिगत निरोप आणि त्याचे लाडके 'व्यनि', खरडवही. ही नावे समितीत ठरली नाहीत, वापरातून टिकली. नव्या थीमचे भाषांतर करणाऱ्याने आधी ही टिकलेली नावे पाहावीत. जिथे इंग्रजी शब्दच रुळला आहे, तिथे तो देवनागरीत राहू द्यावा. 'मोबाइल क्रमांक' लिहिणे हा मराठीचा पराभव नव्हे. 'तुमचा संदेश यशस्वीरित्या पाठवला गेला आहे' हा मात्र आहे. कारण तिथे प्रत्येक शब्द मराठी असूनही वाक्य मराठी नाही. मराठी माणूस 'संदेश पोहोचला' म्हणतो.

अक्षर, अंक आणि क्रम

थीममध्ये शब्द असतात तसा डोळाही असतो, आणि तोही बहुधा रोमन लिपीवर बेतलेला. विजेटची शीर्षके मोठ्या लिपीत आणि अक्षरांमध्ये अंतर सोडून मांडण्याची तऱ्हा फार लोकप्रिय आहे. देवनागरीला मोठी लिपी नाही. आणि अक्षरांत अंतर घातले, की शिरोरेषा तुटते, शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले, तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. हे भाषांतराच्या फायलीत दुरुस्त होत नाही. मराठी पानासाठी वेगळे शैलीनियम लिहावे लागतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि शासनाने २००९ व २०२२ च्या निर्णयांत मराठी वर्णमाला प्रमाणित करताना या वळणांची दखल घेतली. पुष्कळ चांगल्या टंकांत दोन्ही वळणे असतात. पण पान मराठी आहे हे पानाच्या मूळ खुणेत सांगितलेले नसेल, तर टंक ते ओळखणार कसा?

'ताज्या बातम्या' दाखवणारे विजेट शीर्षक ठराविक लांबीवर कापते. संगणकाच्या साठवणीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. कापणारा प्रोग्रॅम बाइट मोजत असेल, तर अक्षराच्या मधोमध सुरी चालते आणि शेवटी चौकोनी ठोकळा उमटतो. चिन्हे मोजत असेल, तर 'पाणीपट्टी'चे 'पाणीपट्' होते. मराठीत कापायचे तर पूर्ण शब्दावरच.

अंकांचे असे. जगभरच्या भाषांचे संकेत एकत्र ठेवणारा युनिकोडचा माहितीसंच मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरतो, तर हिंदीसाठी तोच संच इंग्रजी अंक धरतो. लाख-कोटीचे गटही तो जाणतो. वर्डप्रेसचे अंक मांडण्याचे मूळ साधन मात्र तीन-तीनचेच गट पाडते, म्हणून सव्वा लाख १,२५,००० न दिसता १२५,००० असे दिसतात. उलट बाजूही आहे. कुणी मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत टंकला, तर अनेक अर्ज तो नाकारतात. दाखवायचे मराठीत आणि स्वीकारायचे फक्त इंग्रजीत, हा न्याय नव्हे.

आणि क्रम. तालुका निवडण्याच्या यादीत नावे मराठीत केली, पण क्रम इंग्रजीचाच ठेवला, तर यादी अशी होते : अलिबाग, कर्जत, खालापूर, महाड, माणगाव, म्हसळा, मुरुड, पनवेल, पेण, पोलादपूर, रोहा, श्रीवर्धन, सुधागड, तळा, उरण. उरणचा माणूस आपले गाव अलिबागच्या खाली शोधतो, ते सापडते तळाला. मराठी वर्णक्रमाने उरण दुसरे आणि तळा पाचवे हवे. प्रत्येक शब्द बरोबर असूनही यादी परकी राहू शकते, ती अशी.

अडल्या वेळची भाषा

एवढ्या बारकाव्यांनी काय साधते, असे कुणी विचारील. लेख मराठीत आहेत, चित्रे आहेत, लोक काय ते समजून घेतात.

समजून घेतात ते ज्यांना इंग्रजी येते ते. भाषांतर अर्धवट असले, की राहून गेलेला भाग कोणता असतो ते पाहा. मुखपृष्ठाचे भाषांतर सर्वांत आधी होते, कारण ते उद्घाटनाच्या दिवशी दिसते. सर्वांत शेवटी राहतात चुकीचे संदेश : 'ही फाइल फार मोठी आहे', 'या रकान्यात पुरेसे अंक नाहीत', 'मुदत संपली'. कारण ते कुणाला एरवी दिसतच नाहीत. अर्ज भरताना ज्याचे काहीतरी चुकते, त्यालाच ते दिसतात. म्हणजे मराठीची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्यासमोर अगदी अडल्या क्षणी इंग्रजी येते. मग तो अर्ज सोडून देतो किंवा पैसे मोजून दुसऱ्याकडून भरून घेतो. स्वागताची भाषा मराठी आणि नकाराची इंग्रजी, असे संकेतस्थळ दुभाषी म्हणता येत नाही.

ज्याला दिसत नाही, त्याची अडचण आणखी वेगळी. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधने पानाची भाषा त्या मूळ खुणेवरूनच ठरवतात. थीमने प्रत्येक पानावर 'इंग्रजी' अशी खूण ठोकून ठेवली असेल, तर इंग्रजी आवाज मराठी अक्षरांशी झटापट करतो किंवा ती वगळून पुढे जातो. शोधपेटीच्या भिंगाच्या चित्रामागे, मेनू उघडणाऱ्या तीन रेघांमागे जे शब्द दडलेले असतात, ते डोळस माणसाला कधी दिसत नाहीत. अंध माणसाला फक्त तेच ऐकू येतात. भाषांतरात तेच सहज राहून जातात.

शासकीय संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी बंधनकारक करणारा कायदा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कायदा मराठी मागू शकतो. कोणत्या मोकळ्या जागेपुढे 'येथे' लिहायचे, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते काम कुणीतरी यादी उघडून, एकेक ओळ पान डोळ्यांसमोर आणून करायचे असते. वर्डप्रेसचे भाषांतर जगभर स्वयंसेवक करतात, त्या यादीत मराठीही आहे आणि तिथे नाव नोंदवायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. यावी लागते ती मराठी : सामान्यरूप कुठे होते, कर्मणी प्रयोग कधी उपयोगी पडतो, पत्रिकेत 'येथे' का लिहितात, हे जाणणारी. ती या अंकाच्या वाचकांकडे आहे.

गावच्या वाचनालयाचे, पतपेढीचे किंवा शाळेचे संकेतस्थळ होत असेल, तर करणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात. विजेटची शीर्षके कोण भाषांतरित करणार? वाक्ये अख्खी आहेत की तुकड्यांत? मुद्दाम चुकीचा अर्ज भरला, तर संदेश कोणत्या भाषेत येतो? आणि गावाच्या जागी 'रोहा' घातले, तर वाक्य कसे वाचले जाते? या चार प्रश्नांना तांत्रिक ज्ञान लागत नाही, आणि त्यांची उत्तरे पैसे चुकते करण्याआधी मिळालेली बरी.